तापात उतरलेलं कोलेस्टेरॉल

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तात्या दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या हातात दोन कागद होते. एक लॅबचा रिपोर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून जपलेला. त्यात एलडीएलसमोर, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात त्यासमोर, 28 हा आकडा होता आणि त्याभोवती कुणीतरी निळ्या पेनाने गोल काढला होता. दुसरा कागद माझ्याच लेटरपॅडचा. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अ‍ॅस्पिरिन व अ‍ॅटोरवास्टॅटिन बंद.'

बंद. कधीपर्यंत, ते लिहिलेलं नव्हतं.

हे प्रकरण मी लिहितो आहे ते या दोन कागदांमुळे. तात्या हे त्यांचं खरं संबोधन नाही. गाव मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधलं, एवढंच सांगतो. वय 58, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, वाढलेला माणूस. चार वर्षांपूर्वी छातीत दुखून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. तेव्हापासून रोज अ‍ॅस्पिरिन 75 आणि रात्री अ‍ॅटोरवास्टॅटिन 40. पहिली गोळी रक्ताची गुठळी होऊ न देणारी, दुसरी कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली. गोळ्यांच्या बाबतीत ते शिस्तीचे होते. जूनमध्ये, मासेमारी बंद असताना, मी त्यांची नेहमीची तपासणी केली होती: एकूण कोलेस्टेरॉल 152, एलडीएल 78, 'चांगलं' म्हणतात ते एचडीएल 40, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी 170. स्टेंट असलेल्या माणसाचं एलडीएल 78 पेक्षाही कमी असायला हवं, पण गाडी रुळावर होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ताप आला. एक ऑगस्टला बंदी उठते, नारळीपौर्णिमा होते, होड्या पाण्यात जातात. ज्या जात नाहीत त्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली पडून राहतात. त्यांच्या बाजूंना धक्का लागू नये म्हणून बांधलेले टायर असतात आणि त्या टायरांत पावसाचं पाणी. मी स्वतः एका टायरात बोट घालून पाहिलं, अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि असल्याच पाण्यात वाढतो. त्या आठवड्यात तात्यांच्या वाडीत पाच जण तापाने पडले, त्यात त्यांचा धाकटा भाऊही होता.

आमच्याकडे पावसाळ्यातला ताप म्हटलं की आधी लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि मलेरिया डोक्यात येतो. लावणीचे दिवस असले तर लेप्टो पहिला. दोडामार्गकडचा माकडताप 2016 पासून आम्हाला ठाऊक आहे, पण त्याचा जोर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. तात्यांचे डोळे दुखत होते, कंबर मोडल्यासारखी झाली होती, भातात उतरलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी एनएस-वन कार्ड केलं, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-वन प्रथिन रक्तात शोधणारी तपासणी. दुसरी रेघ ठळक उमटली, म्हणजे डेंग्यू.

चौथ्या दिवशी प्लेटलेट 84,000 वर आल्या, एसजीओटी 186 झालं. प्लेटलेट घसरत असताना अ‍ॅस्पिरिन चालू ठेवणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. यकृताचं एन्झाइम चौपटीहून वर गेलं असताना स्टॅटिन थांबवणंही बरोबरच. म्हणून मी तो कागद लिहिला आणि त्यांना जवळच्या शहरातल्या एका खासगी रुग्णालयात पाठवलं. ते दोन्ही निर्णय आजही मला चुकीचे वाटत नाहीत. चूक पुढे आहे.

सहाव्या दिवशी, म्हणजे ताप उतरता उतरता जो धोक्याचा काळ असतो त्यात, प्लेटलेट 41,000 झाल्या आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, 42 वरून 49 वर चढलं. रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपत होतं. सलाइन मोजून मोजून दिलं गेलं, लघवीवर लक्ष ठेवलं, दोन दिवसांत माणूस सावरला. रुग्णालयाने काम चोख केलं. त्याच दिवशी मुंबईच्या मुलाने काळजीपोटी लॅबला फोन करून 'सगळं तपासा' सांगितलं आणि त्या पॅकेजात लिपिड प्रोफाइलही आलं. एकूण कोलेस्टेरॉल 98, एचडीएल 22, ट्रायग्लिसराइड 240, एलडीएल 28. शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी 38.

त्या दिवशी ती तपासणी कुणा डॉक्टरने मागितली नव्हती आणि कुणी वाचलीही नाही. वाचली ती घरी गेल्यावर, तात्यांनी.

तापात कोलेस्टेरॉल का उतरतं, हे इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी गोष्ट या एका आकड्याभोवती फिरते.

विषाणू शिरला की शरीरातल्या पहारेकरी पेशी आयएल-सिक्स, टीएनएफ असे निरोप सोडतात. हे निरोप यकृताला पोचले की यकृत आपलं रोजचं काम बाजूला सारून आणीबाणीची प्रथिनं बनवायला लागतं. सीआरपी त्यांतलंच एक. दुसरं सीरम अमायलॉइड ए. हे दुसरं प्रथिन एचडीएलच्या कणावर जाऊन बसतं आणि तिथलं मूळचं प्रथिन हुसकावून लावतं. एचडीएलची संख्या घटते आणि उरलेलं एचडीएल पहिल्यासारखं काम करत नाही. एलडीएलही खाली येतं. त्याची कारणं एकाहून अधिक आहेत: माणूस जेवत नाही, पेशी कोलेस्टेरॉल ओढून घेतात, यकृताचा क्रम बदललेला असतो, आणि डेंग्यूत तर शिरा गळत असल्याने पाण्याबरोबर हे कणही बाहेर जातात. डेंग्यू जितका गंभीर तितकं कोलेस्टेरॉल कमी, असं अनेक ठिकाणच्या रुग्णांत दिसलेलं आहे. ट्रायग्लिसराइड मात्र उलट वाढतं. यकृत चरबीचे कण जास्त सोडतं आणि ते रक्तातून उचलणारं एन्झाइम मंदावतं.

म्हणजे एलडीएल 28, एचडीएल 22 आणि ट्रायग्लिसराइड 240 हे तीन आकडे एकत्र वाचले तर ते तात्यांच्या कोलेस्टेरॉलबद्दल काहीच सांगत नाहीत. ते त्यांच्या तापाबद्दल सांगतात.

शिवाय ते 28 मोजलेलंही नव्हतं. बऱ्याच लॅबांत एलडीएल सूत्राने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. 98 वजा 22 वजा 48, उरले 28. हे सूत्र 1972 पासून वापरात आहे आणि निरोगी माणसात चांगलं चालतं. पण ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एलडीएल उतरलेलं असलं की ते एलडीएल प्रत्यक्षापेक्षाही कमी दाखवतं. ज्या दिवशी हा आकडा सर्वांत कमी भरवशाचा होता, नेमक्या त्याच दिवसाच्या रिपोर्टवर निळा गोल पडला.

आता विषाणूची बाजू. डेंग्यूच्या विषाणूला स्वतःची चरबी बनवता येत नाही. त्याचं बाहेरचं आवरण आपल्याच पेशीच्या पडद्यातून घेतलेलं असतं, आणि पेशीच्या आत नक्कल करायला त्याला कोलेस्टेरॉलने भरलेले पडदे लागतात. ज्या एनएस-वनमुळे माझ्या कार्डावर ती दुसरी रेघ उमटली, ते प्रथिनही पेशीबाहेर पडताना सहा तुकड्यांचं डबं होऊन पोटात चरबी घेऊन निघतं. त्याची घडण एचडीएलच्या कणासारखी असल्याचं 2011 साली दिसून आलं. हेच एनएस-वन शिरांच्या आतल्या अस्तराला सैल करतं आणि मग पाणी झिरपतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वेळ काही सुचेना. दर पावसाळ्यात शेकडो कार्डं हाताखालून जातात, आणि ती रेघ म्हणजे रक्तात फिरणाऱ्या चरबीच्या पुरचुंडीची खूण आहे, हे कधी मनात आलं नव्हतं.

शरीरही स्वस्थ बसत नाही. इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनाचा इशारा मिळाला की काही पेशी कोलेस्टेरॉलपासून 25-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल नावाचं रूप तयार करतात. ते पेशीत नवं कोलेस्टेरॉल बनणं थांबवतं आणि पुष्कळ विषाणूंना पेशीत शिरणं अवघड करतं. एकाच पदार्थावरून दोन्ही बाजूंची ओढाताण चाललेली असते. अशा वेळी रक्तातला आकडा खाली जाणं म्हणजे आजार बरा होणं कसं म्हणायचं?

आणि खरी अडचण आकड्याच्या पलीकडे आहे. पावसाळ्यात डब्यातलं खोबरं खवट होतं. वजन तेवढंच, रंगही जवळपास तोच, पण हवेतल्या ऑक्सिजनने आतलं तेल बिघडलेलं असतं. तापात रक्तातल्या चरबीचं असंच होतं. पांढऱ्या पेशी जंतूला मारायला ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात, ते आजूबाजूच्या आपल्याच चरबीवरही पडतात. एरवी याला आवर घालणारी व्यवस्था असते. पेशींमधलं ग्लुटाथायोन असतं, आणि एचडीएलच्या कणावर पॅराऑक्सोनेज नावाचं एन्झाइम असतं, जे एलडीएलला खवट होऊ देत नाही. तापात नेमकं तेच एचडीएलवरून कमी होतं. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. एलडीएलचे कण थोडे, पण त्यांतले खवट अधिक.

खवट एलडीएल शिरेच्या अस्तराखाली गेलं की तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात. साधं एलडीएल आत घ्यायला पेशीला दार असतं आणि पोट भरलं की ते दार बंद होतं. खवट एलडीएलसाठी वेगळं दार आहे, ते बंदच होत नाही. पेशी फुगतात, फेसाळ होतात, मरतात. आधीपासून बसलेला थर असेल तर दाहामुळे त्याची वरची साय पातळ होते. ती फाटली की गुठळी. कॅनडातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फ्लूनंतरच्या पहिल्या 7 दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे सहा पट असते. फ्लू आणि डेंग्यू वेगळे, पण दाहाची वाट पुष्कळशी सारखी आहे.

म्हणजे जे कोलेस्टेरॉल तात्यांना सर्वांत चांगलं वाटलं, ते त्यांच्या शिरांना सर्वांत त्रासदायक होतं. आणि त्याच वेळी रक्त पातळ ठेवणारी आणि शिरेवरची साय टिकवणारी, दोन्ही गोळ्या बंद होत्या.

घरी आल्यावर काय झालं ते काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'पूर्वीची औषधं आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने.' आपला डॉक्टर मी. माझ्या कागदावर 'बंद'. रुग्णालयाला वाटलं मी सुरू करीन, मला वाटलं त्यांनी डिस्चार्जला सुरू केल्या असतील. गणपती आले, मग रापणीचा हंगाम. मी फोन करायला हवा होता. केला नाही.

तात्यांचा हिशेब सरळ होता. ते म्हणाले, ''गोळी बंद केलंय तरी कोलेस्टेरॉल खाली इला. मगे खावची कशाक?''

काकींची समजूत आणखी ठाम. ''तापान सगळी चरबी जाळून टाकल्यान.''

यात अडाणीपणा नाही. कागद हातात आहे, आकडा छापलेला आहे, त्यापुढे लाल खूणही नाही. सुशिक्षित माणूसही हेच वाचेल. किंबहुना मुंबईतल्या मुलाने तेच वाचलं होतं. वर त्याने बापासाठी 'अँटिऑक्सिडंट' कॅप्सूलचे तीन डबे पाठवले होते. त्याबद्दल एवढंच सांगतो की ऑक्सिडेटिव्ह ताण खरा आहे, पण त्यावर जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालतात असं नाही. इंग्लंडमध्ये 20,536 लोकांना पाच वर्षं ई, सी आणि बीटा-कॅरोटीन देऊन पाहिलं होतं. 2002 साली निकाल आला, हृदयविकारात फरक शून्य. ते पैसे नातवाच्या वह्यांना गेले असते तर बरं. कोकमाचं सार जरूर प्यावं, तोंडाला चव येते आणि अंगात पाणी जातं. औषध म्हणून नव्हे.

तर त्या ऑक्टोबरच्या सकाळी तात्या आले होते ते रिपोर्ट दाखवायला नव्हे. चार दिवस झाले होते. जाळ्याचा भार घेऊन किनाऱ्यावरून घाटी चढताना वळणाशी छाती आवळायची. थांबलं की दोन-तीन मिनिटांत मोकळं. आदल्या दिवशी मात्र सपाटीवर, अंगणात बसल्याबसल्या तसंच झालं. हे सांगताना त्यांनी मूठ छातीच्या मधोमध टेकवली. बोट दाखवणाऱ्यापेक्षा मूठ टेकवणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

ईसीजीत व्ही-फोर ते व्ही-सिक्समध्ये एसटी खाली गेलेली होती, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. अ‍ॅस्पिरिन 300 चावायला दिली, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोरवास्टॅटिन 80 दिली, रुग्णवाहिका बोलावली आणि गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. निघण्यापूर्वी रक्त काढून ठेवलं होतं. एकूण कोलेस्टेरॉल 246, एचडीएल 38, ट्रायग्लिसराइड 190, एलडीएल 170. सीआरपी 1.9. दाह ओसरला होता, यकृत आपल्या कामावर परतलं होतं, आणि कोलेस्टेरॉलही आपल्या मूळ जागी परतलं होतं. गोळीविना त्यांचं खरं एलडीएल हे एवढं आहे.

अँजिओग्राफीत जुना स्टेंट उघडा होता. दुसऱ्या शिरेत 80 टक्के अडथळा निघाला, तिथे स्टेंट बसला. ट्रोपोनिन वाढलेलं नव्हतं, म्हणजे हृदयाचा स्नायू वाचला.

हे सगळं डेंग्यूने केलं का? तो अडथळा दहा आठवड्यांत तयार होत नाही, तो अनेक वर्षांचा आहे. तापातला दाह, नंतरच्या दहा आठवड्यांत वाढत गेलेलं एलडीएल, अ‍ॅस्पिरिन नसणं, यांतल्या कशाचा वाटा किती ते कुणी वेगळं काढून दाखवू शकत नाही. एक गोष्ट मात्र मला नीट वेगळी काढता येते. तात्यांच्या प्लेटलेट तापाच्या नवव्या दिवशी 1,20,000 वर परतल्या होत्या. अ‍ॅस्पिरिन तेव्हाच सुरू होऊ शकली असती. एसजीओटी तीन आठवड्यांनी पाहून स्टॅटिनही. दहा आठवड्यांपैकी निदान सात आठवडे ते विनाकारण उघडे राहिले आणि ते माझ्या एका शब्दाच्या कागदामुळे.

स्टॅटिनबद्दल एक भीती सहकारी डॉक्टरांतही आहे, की डेंग्यूत ही गोळी मुळातच घातक. व्हिएतनाममध्ये 300 डेंग्यू रुग्णांवर लोवास्टॅटिनची चाचणी झाली, निकाल 2016 मध्ये आला. डेंग्यूवर तिचा उपयोग झाला नाही, पण अपायही दिसला नाही. म्हणजे एन्झाइम फार चढलेली नसतील तर थांबवायची घाई नाही, आणि थांबवली तर परत सुरू करायला घाबरायचं कारण नाही.

आता मी काय बदललं ते सांगतो. तापाच्या रुग्णाचं लिपिड प्रोफाइल मी मागवत नाही. पॅकेजात आपोआप आलं तर त्या पानावर तिरकी रेघ मारून 'तापातला रिपोर्ट, धरू नये' असं लिहितो. रुग्णाला पुन्हा तपासायला ताप गेल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी बोलावतो. आणि कुठलंही जुनं औषध थांबवलं तर त्या ओळीतच तारीख लिहितो: अमुक दिवशी प्लेटलेट पाहून सुरू. तारीख माहीत नसेल तर मला भेटायची तारीख. काकींनी ती कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून घेतली. तात्यांना दरवर्षी फ्लूची लसही देतो, स्टेंटवाल्या माणसाला ती हवीच.

जानेवारीत त्यांचं एलडीएल 64 आलं, एचडीएल 41. घाटी चढतात, भार मात्र पुतण्याकडे.

राहिला धाकटा भाऊ. त्याच आठवड्यात तोही डेंग्यूने पडला होता, त्याच लॅबमध्ये तेच पॅकेज झालं होतं. वय 51, आयुष्यात कधी कोलेस्टेरॉल तपासलेलं नाही. त्याचं एलडीएल 61 आलं आणि तो सगळ्यांना सांगत होता की थोरल्याला आहे, माका नाय. खूप मागे लागल्यावर डिसेंबरात पुन्हा रक्त दिलं. 158 आलं. तो म्हणतो लॅबची चूक असेल, पहिला आकडाच खरा. काकी दर सोमवारी बाजाराला येताना त्याचा विषय काढतात. मी पुढच्या सोमवारी त्याला सोबत आणायला सांगितलं आहे.